कुंपणातली कण्हेर आणि दारातलं कुत्रं



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही कुत्र्याबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत बकरीचा विषय निघतो, कोंबडीचा निघतो, म्हशीचा निघतो. त्यांच्यासाठी कर्ज मिळतं, त्यांचा विमा निघतो. कुत्र्यासाठी कोणी कर्ज मागत नाही. पण आपल्या आर्णी तालुक्यात कपाशी-तुरीच्या वावरात रात्री जागलीला माणूस निघाला की त्याच्या पुढे कोण चालतं? रानडुकरं धुऱ्यावर आली की आधी कोणाला कळतं? घरधनी बाहेरगावी गेला आणि बाई लेकरांना घेऊन एकटी निजली, तर दाराशी कोण पडून राहतं? कुत्रं गेलं तर हिशेबाच्या वहीत कुठे नोंद होत नाही, पण त्या घराचं नुकसान होतंच. घरातली लेकरं दोन दिवस जेवत नाहीत ते वेगळंच.

तर आजचं बोलणं आहे अंगणातल्या, परसातल्या आणि कुंपणातल्या अशा झाडांबद्दल, जी कुत्र्याच्या पोटात गेली तर त्याच्या जिवावर येतात. गेल्या काही वर्षांत परसबागा वाढल्या. भाजीपाला आला, सोबत फुलझाडं आली, नर्सरीतून शोभेच्या कुंड्या आल्या. झाडं लावा असं आम्हीच गटागटात सांगत असतो. मग कोणत्या झाडाचा कोणाला त्रास होतो, हेही आम्हीच सांगायला हवं.

सुरुवात कण्हेरीपासून करू. गुलाबी, लाल, पांढरी. पाणी कमी असलं तरी जगते, उन्हाळ्यातही फुलते, देवाला रोज फूल मिळतं. शिवाय कुंपणाला फार कामाची, कारण ढोर तिला तोंड लावत नाही. आपल्या आज्यांनी ती नेमकी याच कारणासाठी लावली. जे झाड बकरी खात नाही तेच कुंपणात टिकतं. आता बकरी ते का खात नाही, हा प्रश्न आपण पुढे विचारत नाही, एवढंच. कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, चीक, सगळंच विषारी आहे. ते विष हृदयावर काम करतं. आधी उलट्या होतात, लाळ गळते, पोटात कळा येतात, मग हृदयाचे ठोके मंद होतात, चुकतात आणि जनावर कोसळतं. लहान कुत्र्याला थोडीशी पानंही पुरतात. फुलं ज्या तांब्यात किंवा वाटीत ठेवली त्या पाण्यातही तो अंश उतरतो, म्हणून ते पाणी कुत्र्याच्या भांड्यात ओतायचं नाही.

मोठं, शहाणं कुत्रं उभ्या कण्हेरीला सहसा तोंड लावत नाही. पान कडू असतं. धोका दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे पिल्लू. तीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत त्याचे दात बदलतात, हिरड्या शिवशिवतात, आणि चप्पल, खाटेचा पाया, काडी, जे दिसेल ते ते चावतं. दुसरा धोका म्हणजे छाटलेली फांदी. दसरा-दिवाळीच्या आधी आपण कुंपण छाटतो, फांद्या एका कोपऱ्यात टाकतो आणि त्या चार-आठ दिवस तिथेच वाळतात. पान वाळलं म्हणून विष जात नाही. उलट वाळल्यावर कडूपणा तेवढा जाणवत नाही, आणि जे जनावर हिरव्या झाडाला तोंड लावत नव्हतं ते वाळलेला पाला खाऊन बसतं. कडब्यात, गवताच्या भाऱ्यात कण्हेरीचा पाला मिसळला तर बैल आणि गाईलाही बाधतो.

इथे एका गटातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या दोघीही हे ऐकत असतील. एका घरी राखणीसाठी आणलेलं पाच महिन्यांचं पिल्लू होतं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, रात्री उठेनासं झालं, पहाटे गेलं. घरच्या बाईनं सरळ सांगितलं, शेजारणीनंच भाकरीत औषध घालून टाकलं. पिल्लानं शेजारणीची कोंबडी धरली होती, त्यावरून आठ दिवस आधी भांडण झालेलं होतं. मग काय, दोघी एकाच गटात, आणि गट फुटायची वेळ आली. एकीनं बचत भरणं बंद केलं, दुसरी म्हणाली मी तिच्यासोबत सतरंजीवर बसणार नाही. पंधरा दिवसांनी आमच्यातल्या एकीसोबत पशुसखी त्या घरी गेली, तेव्हा पिल्लू जिथे बांधत होते तिथून हातभर अंतरावर छाटलेल्या कण्हेरीचा ढीग तिला दिसला. कितीतरी काड्यांची साल दातांनी सोललेली होती. शवविच्छेदन झालं नव्हतं, म्हणून शपथ घेऊन कोणी काही सांगू शकत नाही. पण पशुसखीनं त्या काड्या दोघींनाही दाखवल्या, आणि पुढच्या महिन्यात दोघी बैठकीला आल्या. अजून एकमेकींशी फार बोलत नाहीत.

कुत्रं अचानक मेलं की आपल्याकडे पहिलं वाक्य हेच निघतं, कोणीतरी विष घातलं. कधी ते खरंही असतं. पण बोट दाखवायच्या आधी आपल्याच अंगणात एक चक्कर मारून बघावी.

कण्हेरीची बहीण म्हणजे बिट्टी, पिवळ्या घंटीसारख्या फुलांची. काही जणी तिला पिवळी कण्हेर म्हणतात. तिच्या बियांत विष जास्त असतं. लेकरं बिट्ट्या खेळायला गोळा करतात, आणि लेकरांच्या हातून पडलेलं पिल्लाच्या तोंडात जातं. शाळेच्या आवारात, देवळापुढे ही झाडं हमखास असतात. झाड तोडा असं आम्ही म्हणत नाही. झाडाखाली पडलेली फळं झाडून खड्ड्यात पुरायची, एवढं काम आहे. कण्हेरीच्या किंवा बिट्टीच्या काड्या चुलीतही घालू नका, त्यांचा धूर चांगला नाही. हल्ली कुंड्यांतून जाड बुडाचं, गुलाबी फुलांचं अडेनियम येतं, तेही याच घराण्यातलं.

कण्हेरीबद्दल कोणाला हे वाढवून सांगितल्यासारखं वाटत असेल, तर केरळातलं ऐका. तिकडे कण्हेरीला अरळी म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे एका तरुण मुलीचा मृत्यू झाला आणि तिनं कण्हेरीचं पान-फूल चावल्याचं बोलणं पुढे आलं. त्यानंतर मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळानं आपल्या देवळांत नैवेद्याला आणि प्रसादाला ही फुलं वापरणं बंद केलं. देवाला वाहायला हरकत नाही, पण खाण्याच्या वस्तूजवळ नको, असा तो विचार. आपणही हाच विचार धरायला हरकत नाही. प्रसादाच्या ताटात कण्हेर नको आणि कुत्र्याच्या भांड्याजवळही नको.

आता एरंड. नाल्याकाठी, उकिरड्यावर तो आपोआप उगवतो, आणि काही घरांत सावलीसाठी लावतात. एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचं विष असतं. किती जहाल? १९७८ साली लंडनमध्ये गिऑर्गी मार्कोव्ह नावाच्या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत रस्त्यावरच टाचणीच्या डोक्याएवढा छर्रा घुसवला गेला आणि चार दिवसांत तो माणूस गेला. त्या छर्‍यात रिसिन होतं असं तपास करणाऱ्यांचं मत पडलं. बी अख्खी गिळली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते, कारण तिचं टरफल कठीण असतं. चावून फोडली की विष सुटतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, रक्ताची जुलाब-उलटी सुरू होते आणि तोवर आपण बी विसरलेलो असतो.

एरंडेल तेलात हे विष उतरत नाही, म्हणून आजीच्या एरंडेलाला घाबरू नका. ते मागे राहतं पेंडीत. आणि कुत्र्याचा प्रश्न इथेच येतो. परसबागेत खत म्हणून आपण एरंडीची पेंड घालतो. चांगलं खत आहे, वाळवीलाही आवरतं, आम्ही स्वतः त्याची शिफारस करतो. पण पेंडीचा वास कुत्र्याला ओढतो, आणि तिच्यात हाडाचं खत मिसळलं असेल तर कुत्रं वाफा उकरून उकरून खातं. उष्णता दिलेल्या पेंडीत विष कमी होतं, पण आपल्या गोणीतली पेंड कशी तयार झाली हे आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून पेंड मातीत वीतभर खोल मिसळा, वरून माती दाबा, पाणी द्या, आणि आठवडाभर वाफ्यावर बोराटीच्या काट्या टाका. गोणी उंच ठेवा. ही पेंड ढोरांच्या आंबोणात तर चुकूनही जाता कामा नये. सरकीच्या गोणीशेजारी एरंडीची गोणी ठेवायची नाही, अंधारात हात चुकतो.

एरंडासारखीच दिसणारी चंद्रज्योत, हिला कोणी वनएरंड म्हणतं. मध्यंतरी तिच्या बियांपासून डिझेल करायचं वारं आलं होतं, तेव्हा कितीतरी धुऱ्यांवर ती लागली. डिझेल आलं नाही, झाडं राहिली. तिची बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून शाळेची लेकरं खातात आणि एकाच वेळी दहा-पंधरा जणांना उलट्या सुरू होतात. अशा बातम्या आपल्या राज्यात कितीदा आल्या आहेत. कुत्र्यालाही तसंच होतं.

धोतऱ्याबद्दल जरा सावकाश बोलायचं आहे, कारण इथे माणसाच्या जिवाचाही प्रश्न येतो. महाशिवरात्रीला आपण धोतऱ्याचं काटेरी फळ महादेवाला वाहतो आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य उकिरड्यावर जातं. पिल्लासाठी ते काटेरी फळ म्हणजे चेंडू. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, कुत्रं भेलकांडतं, नसलेल्या वस्तूवर भुंकतं, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही. आता सांगा, असं कुत्रं चौकात दिसलं तर गाव काय म्हणेल? पिसाळलं. आणि पाच मिनिटांत काठ्या निघतील.

म्हणजे विष खाल्लेल्या कुत्र्याला पिसाळलेलं समजून मारलं जातं. उलटंही होऊ शकतं आणि ते जास्त भयंकर आहे. खरंच पिसाळलेल्या कुत्र्याला काही खाल्लं असेल समजून घरची बाई त्याच्या तोंडात हात घालते, ताक पाजते. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा माणसात उमटला की त्यावर औषध नाही. म्हणून घरी बसून निदान करायचं नाही. काही खुणा आहेत. झाडाचं विष बहुतेक वेळा काही तासांत चढतं, आणि उलटी-जुलाब त्यासोबत पुष्कळदा असतात. पिसाळण्याचा रोग दोन-चार दिवसांत वाढत जातो, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळेच्या तारा लागतात, कुत्रं लाकूड-दगडाला चावत सुटतं, आणि लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. पण या खुणा डॉक्टरांना सांगायला आहेत. आपण वागायचं ते असं धरून, की वागणं बदललेलं आणि लाळ गळणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं असू शकतं. लेकरांना घरात घ्या, कुत्रं एखाद्या खोलीत किंवा गोठ्यात येत असेल तर बाहेरून दार लावून घ्या, तोंडाजवळ हात नेऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. जखमेवर तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. आणि पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. ती टोचलेली असली की अशा वेळी निम्मा घोर कमी होतो.

तिसरी एक शक्यता आपल्या जिल्ह्यात कायम असते, ती फवारणीच्या औषधाची. २०१७ चा पावसाळा कोण विसरेल? कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. माणसाची ही गत, तिथे फवारणीच्या टोपल्यातलं पाणी पिणाऱ्या कुत्र्याचं काय! फवारणीची काही औषधं, ज्यांना डॉक्टर ऑर्गेनोफॉस्फरस म्हणतात, ती पोटात गेली तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक होतात, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहतं, अंगाचे स्नायू उडतात. धोतऱ्यात याच्या अगदी उलट, बाहुली मोठी आणि तोंड कोरडं. यात एक नवलाची गोष्ट आहे. अशा फवारणीच्या विषावर डॉक्टर जे अॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात, ते अॅट्रोपिन धोतऱ्यातही असतं. एकाचं विष ते दुसऱ्याचं औषध. पण मापाचा खेळ आहे तो, डॉक्टरांच्या हातातला. फवारणीची बाधा झाली म्हणून धोतरा वाटून पाजायचा विचार कोणी मनातही आणू नये. बाहुली लहान दिसली की मोठी, एवढं लांबून बघून फोनवर डॉक्टरांना सांगितलं तरी त्यांचं मोठं काम होतं.

बाकीच्या झाडांची नावं भराभर घेतो. गुंज, म्हणजे सोनाराच्या तराजूतली लाल-काळी बी. अख्खी गिळली तर सहसा निघून जाते, पण माळेसाठी भोक पाडलेली किंवा चावलेली फार घातक. कळलावी पावसाळ्यात कुंपणावर चढते, तिचं फूल पेटल्यासारखं दिसतं. तिचा कंद सर्वांत वाईट, आणि उकरणाऱ्या कुत्र्याला कंदच सापडतो. घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनियाही म्हणतात, तिची हिरवी फळं आणि पाला यकृताला बाधतात. नाल्याकाठचं बेशरम बकऱ्यांसाठी वाईट, एकदा चटक लागली की बकरी तेच शोधत जाते आणि काही आठवड्यांत थरथरायला लागते. शेराच्या आणि रुईच्या चिकापासून डोळे सांभाळा, आपले आणि कुत्र्याचेही. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात.

नर्सरीतून येणाऱ्या कुंड्यांत एका झाडाचं नाव पक्कं लक्षात ठेवा, सायकस. नारळाच्या छोट्या झाडासारखं दिसतं, पानं टोकदार, बुंधा अननसासारखा खवल्यांचा. बंगल्यांपुढे, कार्यालयांपुढे असतं, आता आपल्याकडच्या नव्या घरांपुढेही दिसायला लागलं. त्याची केशरी बी एखाददुसरीही कुत्र्याच्या यकृताचा नाश करू शकते. ज्या घरी पिल्लू आहे तिथे सायकस विकत आणूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. शोभेला दुसरी शंभर झाडं आहेत.

मनी प्लांट आणि ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचं डिफेनबेकिया यांचं मात्र तुम्हाला पटकन कळेल. धोप्याच्या पानांच्या वड्या करताना चिंच घातली नाही तर घसा खवखवतो ना? धोप्यात सुईसारखे बारीक खडे असतात, तेच या दोन्हींत असतात. कुत्र्यानं चावलं की तोंड सुजतं, लाळ गळते, ते पंजानं तोंड घासतं. बहुतेक वेळा जिवावर येत नाही, पण कच्च्या धोप्याजवळही कुत्रं नको.

सदाफुली तर प्रत्येक दारात आहे. कुत्र्यानं भरपूर खाल्ली तर उलट्या, जुलाब, झटके असा त्रास होतो. पण तिच्यापासूनच विन्क्रिस्टीन नावाचं औषध काढतात, ते माणसाच्या कर्करोगावर चालतं. गावातल्या कुत्र्यांना लघवीच्या जागी रक्ताळलेली गाठ येते, ती तुम्ही पाहिली असेल. त्या गाठीवर पशुवैद्य हेच औषध देतात आणि कुत्रं पुष्कळदा बरं होतं. म्हणून सदाफुली उपटू नका, पिल्लू जिथे बांधता तिथून चार हात दूर लावा.

परसबागेतल्या भाजीत कांदा आणि लसूण. हे ऐकून सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटतं, कारण उरलेला रस्सा कुत्र्याला घालायची आपली रीत. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवलेला असो. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा बाधायला पुरतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एका वेळी दीडशे ग्रॅम, दोन मध्यम कांदे. रश्शातल्या एखाद्या फोडीनं ते मरणार नाही. पण लग्नाच्या पंगतीनंतर उरलेला मसाला पातेल्यानं ओतला, तर दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं धापा टाकतं, आणि कोणाला कारण सुचत नाही. लसूण तर कांद्याहून जहाल, कुत्र्याच्या गोचिडांवर लसूण खाऊ घालायचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका.

ज्या गटांत चिंच फोडायचं काम चालतं त्यांच्यासाठीही एक गोष्ट. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होतं हे आधीपासून माहीत होतं, कारण सापडत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणून चिंचेच्या ढिगाजवळ कुत्रं फिरकू देऊ नका. तसंही खायच्या मालाजवळ ते नकोच.

इतकी नावं ऐकून आता अंगण मोकळंच करावं असं वाटत असेल, तर तसं नाही. जास्वंद, मोगरा, गुलाब, तुळस खुशाल लावा. कुत्रं हरळी-गवत खाऊन कधीमधी ओकतं, त्याचीही भीती नाही. कण्हेरीचं कुंपण असेल तर राहू द्या. फक्त छाटणी झाली त्याच दिवशी फांद्या उचला आणि जिथे ढोरं, बकऱ्या, कुत्री जात नाहीत तिथे पुरा. पिल्लाला बांधायची जागा बघून ठरवा, आणि त्याला चावायला एक जुना दोरखंड द्या.

एवढं करूनही कुत्र्यानं काही खाल्लंच, तर काय करायचं?

आपल्याकडे पहिल्यांदा पाजायला धावतात. मिठाचं पाणी, तुरटीचं पाणी, साबणाचं पाणी, ताक, तेल, तूप. यातलं काहीही पाजू नका. मिठाच्या पाण्यानं कुत्र्याच्या अंगात मीठ वाढून तेच जिवावर येतं. चीक किंवा जळजळीत वस्तू गेली असेल तर ओकताना घसा दुसऱ्यांदा भाजतो. आणि अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात काही ओतलं की ते फुप्फुसात जातं, मग विषानं नाही तर त्या ताकानं मरतं. चुलीतला कोळसा कुटून देणाऱ्याही भेटतात. डॉक्टर जो कोळसा देतात तो वेगळा तयार केलेला असतो, चुलीतल्यानं काम होत नाही. कुत्रं स्वतःहून पाणी प्यायलं तर पिऊ द्या.

ते झाड त्याच्यापासून दूर करा, कुत्रं सावलीत शांत ठेवा. कोणतं झाड खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, हे वहीत लिहा. झाडाची फांदी पानाफुलासकट पिशवीत घ्या, उलटीत बी किंवा पान दिसलं तर काडीनं तेही कागदात घ्या. मोबाइलवर फोटो काढा. मग १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर लावा, तो टोल-फ्री आहे. किंवा सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. रात्रीची वेळ असेल तर गावातल्या पशुसखीला उठवा. ती औषध देणार नाही, पण कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा हे तिला माहीत असतं. कण्हेर, बिट्टी, एरंड, सायकस यांच्यात त्रास दिसायची वाटच बघायची नाही, खाताना दिसलं की निघायचं. लेकरानं यातलं काही खाल्लं तर तिथेही पाजापाजी नाही, १०८ ला फोन आणि सोबत तीच फांदीची पिशवी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या अंगणातल्या, कुंपणातल्या झाडांची यादी करून आणावी. ज्या झाडाचं नाव माहीत नसेल त्याची एक फांदी आणा, पशुसखी ओळखायला येणार आहे. फांदी पिशवीत बांधून आणा, हात धुऊन मगच चहा घ्या, आणि कुत्री कृपा करून घरीच ठेवा, मागच्या वेळी सतरंजीवर चार आली होती.